गारठ्यात मिरचीची रोपं करायची तर आधी मातीत थर्मामीटर खुपसा

मिरचीचं बी टाकून पंधरा दिवस झाले, ट्रेमधे काहीच हालचाल नाही, बी खराब निघालं वाटतं. थंडीच्या दिवसात हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की मी आता पुढे एकच विचारतो, मातीचं तापमान किती आहे? खोलीचं नको, मातीचं सांगा. बहुतेक वेळा कोणी मोजलेलंच नसतं, आणि मोजलं की कळतं की बियाचा काही दोष नव्हता, ते गारठून बसलं होतं.

साधा हिशोब असा आहे. माती २५ ते ३० अंश सेल्सिअसवर असेल तर नेहमीची मिरची किंवा ढोबळी आठ-नऊ दिवसात वर येते. २० अंशाला तेच बी १२-१३ दिवस घेतं, १५ अंशाला जवळपास २५ दिवस, आणि १० अंशाला काही येतच नाही. वरच्या बाजूला पण मर्यादा आहे, ३५ पर्यंत चालतं, ४० ला उगवण पुन्हा शून्यावर. आता १५ अंशाला नुसती वाट बघायची असती तर कोणी बघितलीही असती, पण महिनाभर ओल्या गार मातीत पडलेलं बी म्हणजे बुरशीला आयतं आमंत्रण, त्यामुळे उशिरा येतात ती कमी येतात आणि जी येतात ती पण अर्धी अशक्तच असतात.

हे आकडे साध्या मिरचीचे बरं का, म्हणजे कॅप्सिकम अ‍ॅन्युअम, ज्यात ढोबळी, हालापेन्यो आणि बहुतेक सगळ्या लांब मिरच्या येतात. हबानेरो, भूत जोलोकिया वगैरे जहाल मंडळी कॅप्सिकम चायनेन्स गटातली, त्यांना चांगल्या उबेत सुद्धा दोन ते चार आठवडे लागू शकतात, त्यामुळे दहाव्या दिवशी माती उकरून बघू नका. उलट रोकोटो म्हणून एक प्रकार आहे, काळं बी, केसाळ पानं, अँडीज पर्वतातल्या उंच भागातली, ती मोठी झाल्यावर गारवा बऱ्यापैकी सोसते. पण गारवा सोसते म्हणजे हिमकण सोसते असं नाही, आणि उगवताना तिलाही ऊब लागतेच.

खोलीत २० अंश आहे म्हणजे ट्रेमधे पण २० असेल हा समज आधी काढून टाका. ओल्या मातीतून पाणी सतत उडत असतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, ओला कपडा अंगावर ठेवला की जसं गार लागतं तसंच, त्यामुळे उघडा ट्रे हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी सहज गार असतो. त्यात तो फरशीवर ठेवलेला असेल तर आणखी गार. खिडकीच्या कट्ट्यावर असेल तर दिवसा उन्हाने छान गरम आणि रात्री काचेच्या गारठ्याने एकदम खाली, आणि आपण थर्मामीटर बघतो तो दुपारी! म्हणून टोकदार दांड्याचा स्वस्तातला थर्मामीटर घ्या, बी जिथे आहे तेवढ्याच खोलीवर खुपसा, आणि पहाटे एकदा, दुपारी एकदा असं बघा. मला विचाराल तर या सगळ्या कामात एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ही घ्या, बाकीचं जुगाडाने होतं.

आता ऊब द्यायची कशी. रोपांसाठीची हीट मॅट, म्हणजे ट्रेखाली ठेवायची विजेवर गरम होणारी चटई मिळते, ती सगळ्यात सोपी, साधारणपणे ती मातीचं तापमान खोलीपेक्षा ५ ते १० अंशांनी वर नेते. म्हणजे खोली १८ ला असेल तर काम झालं, पण खोलीच १० ला असेल तर नुसत्या मॅटने भागणार नाही. मॅटच्या खाली थर्मोकोलचा तुकडा टाका, नाहीतर अर्धी उष्णता टेबल गरम करण्यात जाते. थर्मोस्टॅट असेल तर उत्तम, २७-२८ वर लावा आणि त्याचा सेन्सर मातीत खुपसलेला पाहिजे, मॅटवर चिकटवलेला नाही आणि हवेत लोंबकळणारा तर अजिबातच नाही, कारण सेन्सर हवेत असला की मॅट थांबतच नाही आणि खाली बी शिजतं. मॅटची अजून एक खोडी लक्षात ठेवा, ती ट्रेला खालून सुकवते, वरून माती ओलसर दिसते आणि तळाशी कोरडीठाक झालेली असते.

मॅट नसेल तर थर्मोकोलचा झाकणवाला खोका घ्या, त्यात ट्रेच्या शेजारी गरम पाण्याच्या बाटल्या ठेवा, सकाळ संध्याकाळ पाणी बदला. कटकटीचं आहे पण चालतं, कारण उगवेपर्यंत मिरचीला उजेड लागत नाही, अंधार्‍या खोक्यात बिनधास्त ठेवता येतं. फक्त रोज उघडून बघा, पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी बाहेर. फ्रिजच्या वर, राउटरच्या वर, सेट टॉप बॉक्सवर असे सल्ले सगळीकडे मिळतात, त्यातले काही खरे पण आहेत, पण प्रत्येक घरात तिथे तापमान वेगळं असतं आणि हल्लीचे बरेच फ्रिज वरून गरम होतच नाहीत, तर ट्रे ठेवायच्या आधी तिथे थर्मामीटर ठेवून बघा. आणि विजेच्या वस्तूवर पाणी ठिबकणारा ट्रे ठेवू नका हे वेगळं सांगायला नको. रूम हीटरच्या तोंडासमोर पण नको, तिथे ४० अंश कधी पार होतात कळत नाही.

जागा कमी आणि बी मोजकं असेल तर टिश्यू पेपरची पद्धत मला जास्त आवडते. टिश्यू ओला करून घट्ट पिळा, बी पसरा, घडी घाला, झिपच्या पिशवीत थोडी हवा ठेवून बंद करा, वर जातीचं नाव आणि तारीख लिहा, आणि ही पिशवी कुठेही उबदार कोपऱ्यात मावते. मूळ अर्धा सेंटीमीटर बाहेर आलं की बी लगेच मातीत, मुळाला बोटांनी धरायचं नाही, चिमट्याने बियाच्या टरफलाला धरून उचलायचं. उशीर केलात तर मूळ टिश्यूत घुसतं आणि सोडवताना तुटतं, अशा वेळी सरळ टिश्यूचा तेवढा तुकडा कापून बियासकट पुरून टाका.

बी भिजवायचं का? रात्रभर, म्हणजे आठ ते बारा तास कोमट पाण्यात ठेवलं तर थोडा फायदा होतो, जुन्या बियाला जास्त. दिवसाच्या वर ठेवू नका, पाण्यात बियाला हवा मिळत नाही. मिरचीच्या बियात मुळाच्या टोकाभोवती एक आवरण असतं ते मऊ पडल्याशिवाय मूळ बाहेर येत नाही, आणि हे मऊ पडायचं काम गारठ्यात फार सावकाश होतं, एवढा उशीर होतो त्यामागे हे एक मोठं कारण आहे. बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळांमधे मिरचीसाठी पोटॅशियम नायट्रेटचं ०.२ टक्के द्रावण, म्हणजे लिटरला २ ग्रॅम, वापरतात. घरी असेल तर भिजवताना तेच वापरा, नसेल तर फक्त त्याच्यासाठी धावपळ करू नका, तापमान बरोबर असेल तर साध्या पाण्याने पण होतं. बी दोन-तीन वर्षांपेक्षा जुनं असेल तर मात्र सगळं एकदम पेरण्याआधी दहा बिया टिश्यूत टाकून बघा.

माती म्हणजे बागेतली माती नको. ती थंडीत ओली राहते, घट्ट बसते, आणि कोलमडवणारी बुरशी सोबत घेऊन येते. धुतलेलं कोकोपीट दोन भाग, परलाईट (माती मोकळी ठेवणारे पांढरे हलके खडे) एक भाग, एवढंच पेरणीला पुरतं. कोकोपीट धुतलेलं आहे की नाही याची खात्री नसेल तर दोन-तीनदा पाण्यात भिजवून निथळून घ्या, त्यात मीठ असू शकतं आणि कोवळ्या मुळांना ते चालत नाही. गांडूळखत आत्ता घालायची गरज नाही, बियाची स्वतःची शिदोरी पहिल्या पानांपर्यंत पुरते, आणि गारठ्यात सेंद्रिय जास्त घातलं की माश्या आल्याच म्हणून समजा, त्यांचं पुढे सांगतो. परलाईट गरम दिवसात कमी घातलं तरी चालतं, थंडीत मात्र कंजूषपणा करू नका. मुठीत घेऊन दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा इतकीच ओल, धार लागली तर पसरून सुकू द्या. बी अर्धा ते एक सेंटीमीटर खोल टाका आणि वरून हलक्या हाताने दाबा. फार वर राहिलं तर टरफल मातीत घासलं जात नाही आणि रोप डोक्यावर टोपी घेऊन वर येतं, पानं आतच अडकतात. अशी टोपी दिसली की लगेच ओढू नका, दिवसातून तीन-चारदा पाण्याचा फवारा मारून ओली ठेवा, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी आपोआप गळते, नाहीच गळली तर चिमट्याने कडेकडेने अलगद.

ट्रेवर पारदर्शक झाकण किंवा प्लास्टिक टाका, ओल टिकते आणि माती गार पण कमी होते. पण हे झाकण फक्त उगवेपर्यंत. पहिली काही रोपं दिसली की झाकण काढायचं, बाकीची यायची असली तरी. थोडी उशिरा येतील, येऊ देत, पण आलेली गमवायची नाहीत.

इथून पुढे सगळा खेळ उलटा होतो आणि बरेच जण इथेच गडबडतात. बियाला २८ अंश हवे होते म्हणून रोपांना पण तेच द्यायला जातात, आणि उजेड मात्र खिडकीतला, तोही थंडीतला, म्हणजे थोडाच वेळ आणि तिरका. गरम माती आणि कमी उजेड एकत्र आले की रोपं वर पळतात, देठ दोऱ्यासारखे, दोन पानं टोकावर, आणि आठवड्यात आडवी. वर आल्यावर दिवसा २० ते २४ अंश आणि रात्री १६ ते १८ भरपूर झाले. मॅट बंद करायची हरकत नाही, पण खोली रात्री १५ च्या खाली जात असेल तर थर्मोस्टॅट १८ वर आणून चालू ठेवा. १२-१३ च्या खाली वाढ जवळजवळ थांबते, रोप मरत नाही पण जागचं हलत पण नाही. १० च्या खाली बरेच दिवस राहिलं तर पानांना इजा होते, डाग पडतात, आणि पुढे ऊब मिळाली तरी रोप बराच काळ रुसलेलं राहतं.

उजेडाचं म्हणाल तर खिडकी चांगली उन्हाची असेल तरच तिच्यावर भिस्त ठेवा, नाहीतर सरळ एक-दोन एलईडी ट्यूब लावा, पांढऱ्या, ६५०० केल्विनवाल्या, खास जांभळ्या ग्रो लाईटचीच गरज आहे असं काही नाही. साध्या ट्यूब रोपांच्या शेंड्यापासून १०-१५ सेंटीमीटरवर पाहिजेत, छताला लावलेली ट्यूब कितीही झगझगीत वाटली तरी रोपाच्या हिशोबाने अंधारच आहे. जास्त ताकदीचा पॅनेल असेल तर तो वर ठेवा, पानं वाटीसारखी वळली किंवा फिकट पडली तर अजून वर न्या. दिवसाला १४ ते १६ तास, टायमर लावून टाका, आणि रात्री अंधार मिळू दे. खिडकीत ठेवत असाल तर रोज फिरवा, आणि रात्री पडदा लावताना ट्रे पडद्याच्या आतल्या बाजूला म्हणजे खोलीकडे राहील असं बघा. काच आणि पडदा यांच्या मधे अडकलेला ट्रे पहाटे खोलीपेक्षा कितीतरी गार झालेला असतो.

एक छोटा पंखा अगदी हळू, पानं जेमतेम हलतील इतपत, दिवसातून काही तास. पंखा नसेल तर येता जाता रोपांवरून तळहात हलकेच फिरवा, दहा-वीस वेळा. येड्यासारखं दिसतं पण खरंच उपयोग होतो, हलवलं गेलेलं रोप उंची कमी करून देठ जाड करतं. तंबाखू हाताळली असेल तर मात्र आधी साबणाने हात धुवा, तंबाखूतला मोझॅक व्हायरस मिरचीला पण लागतो, दोघी एकाच कुळातल्या.

आता पाणी. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण थंडीत रोपं गारठ्याने जेवढी मरतात त्यापेक्षा पाण्याने जास्त मरतात, आणि घालणारा प्रेमानेच घालत असतो. काय होतं बघा, माती गार असली की मुळं पाणी ओढायचं काम मंद करतात. दुपारी पानांवर ऊन आलं किंवा लाईट लागला की पानांतून पाणी उडायला लागतं, खालून पुरवठा होत नाही, रोप मान टाकतं. बघणाऱ्याला वाटतं तहान लागली, तो पाणी घालतो, तेही नळाचं गारेगार, माती अजून गार अजून ओली, मुळांना हवा नाही, दुसऱ्या दिवशी रोप आणखी मलूल, मग आणखी पाणी, आणि तिसऱ्या चौथ्या दिवशी बुंधा काळा. म्हणून रोप सुकलेलं दिसलं की झारीला हात लावायच्या आधी बोट मातीत घाला. माती ओली असताना रोप सुकलंय म्हणजे त्याला ऊब आणि हवा पाहिजे, पाणी नाही. ट्रे मॅटवर ठेवा, निचऱ्याची भोकं मोकळी आहेत का बघा आणि एक दिवस थांबा.

कधी घालायचं ते ट्रे उचलून ठरवा. पाणी घातल्यावर एकदा उचलून वजन हाताला कळू द्या, मग रोज उचलून बघा, हलका लागला की घालायचं. कोकोपीट वरून फिकट तपकिरी झालं तरी आत ओल असू शकते म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. वरून ओतण्यापेक्षा ट्रे पसरट भांड्यात दोन सेंटीमीटर पाण्यात ठेवा, पंधरा वीस मिनिटांत तो पाहिजे तेवढं शोषून घेतो, उरलेलं पाणी फेकून द्या, तसंच ठेवून झोपायला जाऊ नका. पाणी खोलीच्या तापमानाचं किंवा किंचित कोमट, २०-२५ अंश. आणि सकाळी घाला, म्हणजे दिवसभरात माती सावरते आणि रात्रीला वापसा आलेला असतो. संध्याकाळी पाणी घातलेला ट्रे रात्रभर गार चिखल होऊन बसतो.

रोपं कोलमडण्याचा रोग म्हणतात तो याच चिखलात होतो. देठ जमिनीलगत पाणचट होतो, बारीक होतो, आणि कालपर्यंत ताठ उभं असलेलं रोप सकाळी आडवं. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरश्या यामागे असतात, पिथियमला तर ओल आणि गारवा फारच मानवतो कारण मिरची तेव्हा हळू वाढत असते आणि तो थांबलेला नसतो. पडलेलं रोप वाचत नाही, त्याच्यासाठी वेळ घालवू नका, आजूबाजूच्या मातीसकट चमच्याने उचलून टाका, बाकीच्या ट्रेला दोन दिवस पाणी बंद, पंखा चालू, ऊब वाढवा. दालचिनीची पूड टाका असं बरेच जण सांगतात, टाकायची तर टाका पण ओल तशीच ठेवून पूड टाकण्यात काही अर्थ नाही. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, पेरतानाच मिसळलेला असेल तर त्याचा आधार मिळतो, रोग दिसल्यावर टाकून फारसं काही होत नाही. जुने ट्रे पुन्हा वापरताना घासून ब्लीचच्या पातळ पाण्यात बुडवा, एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी, दहा मिनिटं, मग स्वच्छ धुवून वाळवा. हे कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही.

ट्रेवर बारीक काळ्या माश्या उडताना दिसल्या तर त्या पण जास्त ओलीच्याच. माशी काही करत नाही, तिच्या अळ्या मातीत असतात आणि कोवळी मुळं कुरतडतात. पिवळे चिकट सापळे लावा, वरचा थर सुकू द्या, आणि फारच झाल्या तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हा जिवाणू पाण्यातून द्या, डासांच्या अळ्यांसाठी विकतात तोच. मावा पण घरात येतो, पानांच्या खालच्या बाजूला आणि शेंड्यात बघा, बाहेर त्याला खाणारे किडे असतात, घरात कोणी नसतं त्यामुळे आठवड्यात गोतावळा होतो. थोडा असेल तर बोटांनी चिरडा आणि पानं धुवून काढा.

पानं जांभळट दिसायला लागली की लगेच फॉस्फरसचं खत शोधायला जाऊ नका. मातीत फॉस्फरस असतो, गार मुळांना तो उचलता येत नाही. मुळं २० अंशांच्या आसपास आणा, नवीन पानं हिरवी येतात. काही जातींचा तर रंगच तसा असतो, आणि जोरदार लाईटखाली पण देठाच्या सांध्यात जांभळं दिसतं, त्यात काळजीचं काही नाही. खालची पानं पिवळी आणि माती सतत ओली, तर आधी पाणी कमी करा. माती व्यवस्थित सुकतेय, ऊब आहे आणि तरी सगळं रोप फिकट, तर मग ती भूक.

खताचं वेळापत्रक असं, पहिली दोन गुळगुळीत पानं असतात ती बियातली, त्यांच्यानंतर खरी पानं येतात, खऱ्या पानांची दुसरी जोडी आली की खत सुरू, पाकिटावर लिहिलंय त्याच्या चौथा हिस्सा ताकदीने, आठवड्यातून एकदा, आणि रोप जोमात आलं की अर्ध्या ताकदीने. गारठ्यात खत निवडताना एक गोष्ट बघा, १९:१९:१९ किंवा २०:२०:२० (नत्र, फॉस्फरस, पोटॅश सारख्याच टक्क्यात असलेली खतं) मधला बराचसा नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो, त्याचं नायट्रेट करणारे मातीतले जिवाणू गार मातीत सुस्तावतात, मग अमोनिया साठतो आणि कोवळ्या मुळांना त्रास होतो. म्हणून थंडीत नायट्रेटवालं खत बरं, कॅल्शियम नायट्रेट तर कोकोपीटसाठी दुहेरी सोयीचं कारण कोकोपीट स्वतः कॅल्शियम धरून ठेवतं. फक्त कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेट किंवा सल्फेटवालं खत एकाच घट्ट द्रावणात मिसळू नका, खाली साका बसतो, एक आठवडा हे आणि एक आठवडा ते असं द्या. शेणखत, पेंड वगैरेंना पण जिवाणूंचीच मदत लागते त्यामुळे थंडीत ती उशिरा लागू होतात.

कुंडी बदलायची वेळ खऱ्या पानांच्या दोन जोड्या झाल्यावर. आठ-दहा सेंटीमीटरची छोटी कुंडी किंवा कप घ्या, एकदम मोठी नको, मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती आठवडाभर ओली गार राहते. नवीन माती आदल्या दिवशी घरात आणून ठेवा, गार गोदामातून काढून लगेच मुळांना लावायची नाही. या मातीत आता थोडं गांडूळखत चालेल, दहातला एक भाग. उचलताना पानाला धरा, देठाला नाही, पान तुटलं तर दुसरं येतं. रोप लांबुडकं झालं असेल तर बियातल्या पानांच्या जरा खालपर्यंत पुरलं तरी चालतं, पण टोमॅटोसारखी मिरची देठाला धडाधड मुळं काढत नाही त्यामुळे अर्धं रोप जमिनीत गाडून चमत्काराची वाट बघू नका.

बी टाकायचं कधी हे खरं तर आधी सांगायला हवं होतं पण वरचं वाचल्याशिवाय ते पटत नाही. बाहेर लावायच्या तारखेपासून मागे मोजा, साध्या मिरचीला आणि ढोबळीला ८ ते १० आठवडे, हबानेरो गटाला १० ते १२. बाहेर लावायची तारीख म्हणजे रात्रीचं तापमान १२-१३ च्या वर टिकायला लागलं आणि जमीन १८ च्या आसपास आली ती. कॅलेंडरवर जाऊ नका. उत्साहात महिनाभर आधी पेरलेली रोपं उजेड आणि जागा कमी पडून कपातच अडकतात, मुळं गोल गोल फिरतात, आणि मागून उबेत पेरलेली रोपं त्यांना शेतात गाठतात. ऊब आणि लाईट दोन्हीची सोय नसेल तर सरळ तीन आठवडे उशिरा पेरा, काही बिघडत नाही.

बाहेर न्यायच्या आधी सवय लावायची, सात ते दहा दिवस. पहिल्या दिवशी सावलीत, वारा नसेल तिथे, एक-दोन तास, मग रोज थोडा वेळ वाढवत सकाळचं ऊन, शेवटी पूर्ण दिवस, आणि रात्री १३ च्या वर असेल तरच रात्र बाहेर. घरातल्या लाईटखाली वाढलेल्या पानांना खरं ऊन एकदम सोसत नाही, पांढरे कागदासारखे चट्टे पडतात. चट्टा पडलेलं पान परत हिरवं होत नाही पण शेंडा शाबूत असेल तर रोप निघतं. वाऱ्याकडे पण लक्ष द्या, गार कोरडा वारा उन्हापेक्षा लवकर रोप आडवं करतो.

लावल्यावर पुन्हा एखादी गार रात्र आली तर रोपांवर पातळ कापड किंवा तळ कापलेली मोठी प्लास्टिकची बाटली ठेवा, झाकण उघडं ठेवून, आणि ऊन आलं की काढा, विसरलात तर आत भट्टी होते. जमिनीवर काळं प्लास्टिक आठवडाभर आधी अंथरून ठेवलं तर माती दोन-तीन अंश वर जाते, उलट गवताचं किंवा पेंढ्याचं आच्छादन आत्ता घालू नका, ते जमीन गार ठेवतं, त्याची वेळ उन्हाळ्यात. आणि रोप अजून वीतभर सुद्धा नाही आणि कळ्या धरल्या, तर पहिल्या दोन-चार कळ्या नखाने खुडून टाका. गार रात्रींमधे त्यांचं फळ धरत नाही, आणि एखादं धरलंच तर रोप सगळी ताकद त्या एका मिरचीला देतं आणि स्वतः बुटकं राहतं.